बंद केलेल्या गोळ्या

एक्स-रेच्या रांगेत माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईचा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता.

“पडताना नुसता हात टेकलास आणि मनगट मोडलं? आई, कॅल्शियमच्या गोळ्या घेतेस ना?”

“नाही. दोन महिने झाले.”

“डॉक्टरांनी बंद केल्या?”

“मीच केल्या. तू फोनवर तुझ्या प्रयोगशाळेतल्या कुणाला तरी सांगत होतीस. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी जागा सोडून निघाल्या, की त्यांच्यातलं कॅल्शियम बदलतं म्हणून.”

“अगं, ते पेशीच्या आतलं! कॅल्शियम दाखवणारा रंग घालून बघितलं की जागेवर बसलेल्या पेशी वेगळ्या लुकलुकतात, निघालेल्या वेगळ्या. गोळ्या तुझ्या हाडांसाठी आहेत. त्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.”

“मला काय ठाऊक? माझ्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये एखादी पेशी मागे राहिली असेल, तर तिला आणि खुराक कशाला, म्हटलं.”

“दिवसभर हेच करणारी मुलगी घरात आहे. मला विचारायचंस तरी!”

“विचारणार होते. दोनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आले.”

“मग?”

“त्याच फोनवर तू पुढे म्हणाली होतीस, एकदा निघालेल्या पेशींना थांबवायचं कसं, ते आपल्याला अजून कळलेलं नाही.”

“आई…”

“ते माझ्या तोंडावर सांगायची वेळ तुझ्यावर आणायची नव्हती गं. त्यापेक्षा गोळ्या सोडणं सोपं होतं.”