वळसा कुणी घालायचा

थोरला : अरे छोट्या, पलीकडे म्हणजे कुठे? मी फूड मॉलच्या दारात उभा आहे. पाटी माझ्या डोक्यावर आहे.

धाकटा : दादा, तीच पाटी माझ्याही डोक्यावर आहे. तेच नाव, तोच हसरा चहाचा कप. आणि तू मला दिसतोयस. निळा शर्ट ना? रस्त्याच्या पलीकडे बघ. मी हात हलवतोय.

थोरला : अरे देवा.

आई : सापडला का? बरं झालं. आता दोघं मिळून हात हलवा.

थोरला : आई, तू गाडीत बस. काच खाली केलीय, फोन स्पीकरवर आहे, तेवढं पुरे. छोट्या, तू त्या बाजूला काय करतोयस?

धाकटा : मी वरून खाली आलो, म्हणजे खाली जाणाऱ्या बाजूलाच असणार ना! तू समुद्राकडून वर आलास, म्हणून तू त्या बाजूला. ॲक्च्युअली लोकेशन तूच पाठवलं होतंस.

थोरला : मी थांब्याचं पाठवलं. थांबा दोन्ही बाजूंना आहे हे मला काय माहीत? पहिल्यांदाच येतोय या रस्त्याने. बाजू विचारायची अक्कल तुला नको?

धाकटा : आणि सांगायची तुला?

आई : चार वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी मला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत बसवता. जुन्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप होता, तिथे मुकाट्याने काम व्हायचं. म्हटलं, नव्या एक्सप्रेस वेने जाऊ नका. पण नाही. लवकर पोचायचं होतं. घ्या, पोचलो.

थोरला : आई, प्लीज.

आई : मला काय, मी पार्सल. पार्सल बोलत नसतं. चालत पलीकडे जाता येतं का?

थोरला : नाही. मधे दुभाजक आहे, त्यावर जाळी आहे, दोन्हीकडे तीन तीन लेन आहेत. चालणाऱ्याला पूल नाही.

आई : एवढा पैसा ओतून रस्ता बांधला आणि पलीकडच्याकडे जायची सोय ठेवली नाही. तुम्हा दोघांना विचारूनच बांधलेला दिसतोय.

धाकटा : आई, मला ऐकू येतंय हं सगळं.

आई : ऐकू यावं म्हणूनच बोलतेय. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आवाज कुठवर जातो ते मला कळतं.

थोरला : हे बघ छोट्या, सोपं आहे. तू खाली पुढच्या इंटरचेंजपर्यंत जा, वळ आणि इकडे ये. मी आईला घेऊन थांबतो.

धाकटा : मीच का? तू वर जा, वळ आणि इकडे ये ना.

थोरला : कारण मी पहाटेपासून गाडी चालवतोय.

धाकटा : आणि मी काय झोपून आलोय? मला दुपारी मीटिंग आहे, दादा. तुझी आज सुट्टी आहे.

थोरला : सुट्टी घेतलीय मी. फुकट मिळत नाही ती. मागच्या वेळीसुद्धा पंपावर तासभर मीच थांबलो होतो. तू आलास तो गाडी धुऊन आलास. आईला घ्यायला येताना गाडी धुतो माणूस!

धाकटा : स्वच्छ गाडीत बसवावं म्हणून धुतली.

आई : मी एक विचारू का? दादा, इथून घरी कसा जाणार तू?

थोरला : कसा म्हणजे? वर जाऊन पुढच्या इंटरचेंजला वळणार, मग खाली समुद्राकडे.

आई : आणि छोट्या, तू?

धाकटा : मी खाली जाऊन वळणार. मग वर. का?

आई : म्हणजे वळसा दोघांच्याही नशिबात आहेच. मला घेतलं तरी, नाही घेतलं तरी. एक पाऊल जास्त पडणार नाही कुणाचं. मग इतका वेळ भांडण कशावरून चाललंय? कोण कुणाच्या दारात आधी गेला, एवढ्यावरूनच ना?

थोरला : प्रश्न तत्त्वाचा आहे.

आई : हो ना! तुमची तत्त्वं, आणि ऊन माझ्या मांडीवर.

धाकटा : मग दादानेच आधी वळावं. मी इथे थांबतो.

थोरला : का म्हणून? एकदा तरी तू ये की! लहान म्हणून किती वर्षं लहान राहणार? मी चहा घेऊन येतो. मला आता याच्याशी बोलायचंच नाही. फोन धर, आई.

(थोरला तरातरा निघून जातो. आई मोबाईलचा स्पीकर बंद करून फोन कानाला लावते.)

आई : छोट्या, आहेस का?

धाकटा : आहे. दादा गेला का?

आई : गेला चहाला, फुगून. आता लाईनवर आपण दोघंच. खरं खरं बोल. माझी खोली आवरलीस का?

धाकटा : आवरलीय म्हणजे... ॲक्च्युअली तिथे सध्या हिचं ऑफिसचं टेबल आहे. ती घरून काम करते ना आता. पण हॉलमध्ये नवा सोफा घेतलाय. तो उघडतो. मस्त उघडतो, पूर्ण पलंग होतो.

आई : आणि सकाळी?

धाकटा : सकाळी मिटायचा. तेवढंच.

आई : मला घेऊन मिटायचा की आधी उठवायचं?

धाकटा : आई, काय गं तू!

आई : बरं, दादाने मला इथूनच परत नेलं तर?

धाकटा : ...

आई : हॅलो? लाईन गेली का?

धाकटा : नाही, नाही, आहे मी. म्हणजे बघ ना, तुझीच ओढाताण होते. त्याला चालत असेल तर... पोरीची परीक्षा आहे, हिचं काम आहे. मला वाईट वाटेल गं. पण चालेल.

आई : किती वेळ वाईट वाटेल?

धाकटा : आई!

आई : राहू दे, नको सांगू. तू जा घरी. मीटिंग आहे ना तुझी?

धाकटा : दादा ओरडेल मला.

आई : दादाचं मी बघते. हळू चालव. वळायच्या आधीपासूनच डाव्या लेनमध्ये राहा, आयत्या वेळी गाडी घुसवू नको.

धाकटा : रागावलीस का?

आई : पलीकडून कुणी उचलत नसलं की आम्ही रागवायचो नाही रे. प्लग काढायचो. ठेवते.

थोरला : घे, चहा. साखर नाही घातली. काय म्हणाला साहेब?

आई : तू वळ.

थोरला : म्हणजे तो हलणार नाही. वाटलंच मला! थांबतोय ना तिकडे?

आई : चल तू. चहा मी जाता जाता पिते.

थोरला : नेहमी मीच. शाळेत त्याचं दप्तर मी उचलायचं. कॉलेजात त्याची फी भरायला रांगेत मी. आणि नाव कुणाचं? लाडकं कोण? छोट्या. बेल्ट लाव, आई.

आई : लावलाय. आणि तू स्वतःला फार कष्टाळू समजू नकोस. माझी बॅग काल रात्रीच दाराशी आणून ठेवलीस. सकाळपर्यंत दम निघाला नाही.

थोरला : गाडीत ठेवायला सोपं पडावं म्हणून.

आई : हो, त्याच्यासाठीच. मी तसंच समजले. रात्री पाण्याला उठले तर तिला ठेचकाळले, तेव्हाही तसंच समजले.

थोरला : लागलं का?

आई : आता विचारतोयस?

थोरला : आला बघ इंटरचेंज. पाटीवर दोन बाण आहेत. पहिला उतार की दुसरा? आई, वाच ना जरा.

आई : वाचू कशी? वाचेपर्यंत पाटी मागे गेली. इतक्या वेगाने जायचं तर लिहायचं कशाला?

थोरला : पहिलाच असेल. हा घेतला.

आई : अरे, जायचंय उजवीकडे आणि वळतोयस डावीकडे!

थोरला : इंटरचेंजवर तसंच असतं. उजवीकडे जायला डावीकडे उतरायचं, गोल फिरायचं, मग पुलावरून पलीकडे.

आई : सरळ काही बोलायचं नाही, हे तुम्ही रस्त्यालाही शिकवलंत. किती गोल फिरवतोस? चहा सांडला.

थोरला : संपलं, आता पूल. हा बघ, खाली आपला रस्ता. मगाशी त्याच्यावरून वर आलो, आता त्याच्या दुसऱ्या बाजूने खाली. समुद्राकडे तोंड झालं बघ.

आई : दिसतंय मला.

थोरला : चार शब्द सुनावणार आहे मी त्याला. तू मधे पडू नकोस.

आई : नाही पडत. सुनाव.

थोरला : आला थांबा. तीच पाटी, तोच कप. काळी गाडी शोध त्याची. तिथे नाही. त्या टँकरच्या मागे? तिथेही नाही. गेला कुठे हा? आई, फोन दे. उचल, उचल... हॅलो! कुठे आहेस तू?

धाकटा : दादा? मी वळलो की केव्हाच, घराकडे निघालो. आईने सांगितलं नाही का तुला? थँक्स हं, दादा. खरंच. इतक्या लगेच तू तयार होशील असं वाटलं नव्हतं.

थोरला : कशाला तयार होईन?

धाकटा : आईला परत न्यायला. पुढच्या महिन्यात येऊन जातो मी. नक्की. आवाज तुटतोय तुझा, दादा.

थोरला : कट केला. आई.

आई : हं.

थोरला : शेंडी लावलीस मला.

आई : कशाची शेंडी? वळायचं तुला होतंच. आता सरळ घराच्याच रस्त्याला लागला आहेस.

थोरला : अगं, पण घरी... आई, कसं सांगू. आज संध्याकाळी हिची आई येतेय राहायला. तुझ्या खोलीत. मी सांगणारच होतो तुला.

आई : कधी? सहा महिन्यांनी?

थोरला : तसं नाही गं.

आई : मला माहीत आहे. विहीणबाईंचा रोज दुपारी फोन असतो मला. तुम्ही सगळे कामावर जाता, मग आम्हा दोघींची लाईन मोकळी. त्यांच्याही लेकाने त्यांची बॅग दाराशी आणून ठेवलीय. त्या म्हणाल्या, तुम्ही जाऊ नका हो, त्या खोलीत एकटी मी भिंतीशी बोलू का? मी म्हटलं, मला खिडकीकडची बाजू लागते. त्या म्हणाल्या, मला भिंतीकडची चालते. मिटलं. तुम्हा भावाभावांना दोन तास हात हलवून जे जमलं नाही, ते दोन म्हाताऱ्यांनी एका फोनवर उरकलं.

थोरला : म्हणजे सकाळी निघतानाच ठरवलं होतंस तू?

आई : नाही.

थोरला : मग?

आई : विहीणबाईंना मी हो म्हटलं नव्हतं. म्हटलं, छोट्या काय म्हणतो ते बघते. तो नुसता म्हणाला असता ना, की आई, तू थांब, मी आलो, तर गेले असते मी. सोफ्यावर झोपले असते. रोज मिटला असता.

थोरला : आणि मी तर तुला सोडायलाच निघालो होतो.

आई : तू काही फार मोठा लागून गेला नाहीस. पण निदान वळलास. शिव्या घालत का होईना. चल आता, मागचा टँकर हॉर्न देतोय.

थोरला : हिला काय सांगू?

आई : सांग, उश्या दोन लागतील.

थोरला : बॅग मी वर नेतो आज. कपाटात लावून देतो. सगळं बाहेर काढून.

आई : बघू. आधी घरी तर पोचव. मधे कुठे उतरू नकोस.

थोरला : आता मधे काही नाही. सरळ घर. आई, छोट्याला काय सांगायचं? विहीणबाईंचं, खोलीचं?

आई : काही सांगू नकोस. तो विचारणार नाही.

थोरला : विचारेल गं. रात्री करेल फोन.

आई : ...केलाच, तर मला दे. झोपले असले तरी उठव.