परशरामला न पोचलेला निरोप

सन्माननीय अध्यक्ष अप्पासाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले चीफ ऑफिसरसाहेब, आमचे हेडक्लार्क मारुतीराव, म्युनिसिपालिटीचे सर्व सन्माननीय मेंबर, शाळेचे गुरुजन, कचेरीतले माझे सोबती, आणि समोर बसलेल्या हत्तरवाडच्या बंधूंनो आणि मायबहिणींनो,

सतरा वर्षं मी याच सभागृहात दाराशी उभा राहून भाषणं ऐकली. तीन साहेबांचे निरोप समारंभ झाले, दोन प्रेसिडेंटांचे सत्कार झाले, कलेक्टरसाहेबांचं स्वागत झालं. त्यामुळे सुरुवात कशी करायची एवढं मला पाठ आहे. पुढचं मारुतीरावांनी कागदावर लिहून दिलंय. सुंदर लिहिलंय. पण मारुतीराव, तुमची माफी मागून तो कागद मी खिशातच ठेवतो. शिपायाच्या सत्काराला एवढी माणसं जमली, माझ्या अंबुबाईला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, यातच माझं भरून पावलं.

आता मारुतीराव माझ्याविषयी बोलताना म्हणाले, "मष्णूनं सतरा वर्षांत कुणाचाही निरोप चुकवला नाही. पाऊस असो, ऊन असो, ज्याचा निरोप त्याच्या दारात पोचला." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्यांबद्दल मी आभारी आहे. पण त्या ऐकताना मला खुर्चीत बसवेना. निरोप चुकला होता, मारुतीराव. एक चुकला होता. तुम्ही तेव्हा कचेरीत नव्हता, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

गोष्ट एकोणीसशे तीस सालची. तरुण मंडळींना ते साल आठवणार नाही. आमच्या कोष्टी गल्लीत तेव्हा नव्वद माग होते. सकाळी गल्लीत शिरलं की धोट्यांच्या आवाजात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आदल्या सालीच बेळगावच्या व्यापाऱ्यांनी लुगडी उचलायची बंद केली. म्हणाले, गिरणीचं लुगडं स्वस्त पडतं, आणि खेड्यातल्या बायका आता तेही घेईनात. दिवाळीपर्यंत निम्मे माग थांबले. संक्रांतीनंतर गल्लीत बोललेलं स्पष्ट ऐकू यायला लागलं. ती शांतता किती वाईट असते, हे विणकराच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल.

मग माणसं काय करणार? कुणी निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेलं. तिथं आधीच दाराबाहेर बायकांची रांग. कुणी ऊसतोडीला गेलं. विणकराच्या हाताला कोयता कुठला पेलतो? आठ दिवसांत परत आलं. रोज सकाळी वेशीजवळच्या पिंपळाखाली शंभरेक माणसं उभी राहायची. कुणी शेतकरी आला की सगळी एकदम पुढं सरकायची. तो दोघांना बोट दाखवायचा. बाकीची पुन्हा मागं.

अशात म्युनिसिपालिटीच्या फळ्यावर नोटीस लागली. शिपायाची एक जागा. वय चाळीसच्या आत, मराठी लिहिता वाचता यावं, कानडी आल्यास प्राधान्य. एका जागेला एकशे त्रेसष्ट अर्ज आले. आमच्या गल्लीतून चौदा. त्यातला एक माझा आणि एक परशरामचा.

परशराम माझा शेजारी. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत. त्याचा माग भिंतीच्या त्या बाजूला, माझा या बाजूला. त्याचा धोटा थांबला की मी इकडून हाक मारायचो, "काय रं, दोरा तुटला का?" तो तिकडून म्हणायचा, "दोरा न्हाय, पाठ तुटली." अशी आमची वीस वर्षं गेली. मी शाळेत दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी अडखळायचो. परशराम मात्र मराठी तर वाचायचाच, कानडीही घडाघडा वाचायचा. आणि आवाज असा, की दवंडी द्यायला उभा केला असता तर ढोल लागला नसता. ही जागा जणू त्याच्यासाठीच निघाली होती.

माझा अर्ज कुणी लिहिला असेल? त्यानंच लिहिला. त्याच्या उंबऱ्यावर बसून त्यानं दोन अर्ज लिहिले, आधी माझा, मग स्वतःचा. मी म्हटलं, "परशा, मला न्हाय मिळायची. तूच लाव की एकटा." तो म्हणाला, "दोघांतल्या एकाला मिळाली तरी एक चूल पेटंल. एकाची पेटली की दुसऱ्याला इस्तू मिळतो."

मुलाखत शुक्रवारी होती. सोमवारी बाजारात त्या वेळचे एक कारकून मला भेटले. ते आता हयात नाहीत, नाव घेत नाही. ते म्हणाले, "बेळगावचे साहेब परवाच येतायत. मुलाखत बुधवारी सकाळी आठला. तुझ्या गल्लीतल्या सगळ्यांना सांग." मी "व्हय जी" म्हटलं आणि निघालो. दारोदार गेलो. तेरा घरांत? नाही, स्वतःला सोडून बारा घरांत निरोप दिला. तेरावं घर परशरामचं.

जयावैनी दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणजे तांदळाच्या कण्या. मला पाहून म्हणाल्या, "भावजी, हे कोगनोळीला गेल्यात. कुणाच्या तरी विहिरीचं काम हाय म्हणं. सांजच्याला येतील. काय काम होतं?"

मंडळी, मी त्या घटकेला काय विचार केला, हे कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. काही ठरवून गेलो नव्हतो, एवढं खरं. मी म्हणालो, "काय न्हाय वैनी. असंच आलतो."

एवढंच. खोटं म्हणाल तर ते पाच शब्द.

संध्याकाळी परशराम आला. भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकू आलं, पाय धुतल्याचं ऐकू आलं. मंगळवारचा दिवस तो घरातच होता. मी हाक मारायची म्हणून भिंतीपाशी दोनदा गेलो. दोनदा परत आलो. बाकीच्यांपैकी कुणीतरी त्याला सांगेल असं वाटत होतं. सांगितलं तर बरं, असंही वाटत होतं, आणि सांगू नये असंही. कुणी सांगितलं नाही. शेजारी मष्णू आहे, त्यानं सांगितलंच असेल, असं त्यांनी धरलं असेल. किंवा नसेलही. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

बुधवारी मुलाखत झाली. मराठी नोटीस मी कशीबशी वाचली. कानडी कागद हातात आला तेव्हा दोन ओळींवर अडकलो. साहेबांनी यादी पाहिली आणि विचारलं, "कानडी येणारा एक आहे ना यात? परशराम कोण?" पडवीत नाव पुकारलं. एकदा. दोनदा. तीनदा. मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. गल्लीतले बाराही जण तिथं होते. सगळे खाली बघत होते. साहेबांनी परशरामच्या नावापुढं रेघ मारली. बाकीच्यांना माझ्याएवढंही वाचता आलं नव्हतं; त्यांच्यात जरा बरं वाचणारा, अंगानं धडधाकट असा मीच निघालो. दुपारी मला शिपायाचा पट्टा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून हजर व्हायला सांगितलं.

आता तुम्ही विचाराल, मग शुक्रवारी काय झालं? तेच सांगतो.

शुक्रवारी सकाळी परशराम आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून कचेरीत आला. दोन दिवस गल्लीत मी पट्टा लपवून नेआण करत होतो. इथं दाराशी मात्र तो कमरेला होता. त्यानं पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असेल, मुलाखतीपुरता मला कुणी उभं केलंय. म्हणाला, "मष्णू, आत सांग की रं, परशराम आलाय म्हणून."

अप्पासाहेब, नोकरीत मला कुणी हातात दिलेला तो पहिला निरोप. तो मी पोचवला. आत जाऊन सांगितलं. कारकून म्हणाले, "मुलाखत बुधवारीच झाली. तुला सांगितलं होतं ना सगळ्यांना सांगायला?" मी बाहेर आलो. म्हटलं, "झाली म्हणत्यात."

"कवा?"

"बुधवारी."

तो पायऱ्या उतरून गेला. वरच्या आवाजात एक शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी त्यानं माग विकला. विकत घेणाऱ्याला माग नको होता, लाकूड हवं होतं. नंतर म्युनिसिपालिटीनं गडहिंग्लजच्या वाटेवर खडी फोडायचं काम काढलं. तिथली हजेरी घ्यायला सकाळी मीच जायचो. रोज मी त्याचं नाव पुकारायचो आणि रोज तो "हजर" म्हणायचा. तिसऱ्या वर्षी खडीची कपची उडून त्याचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला पिंपळाखाली कोण बोट दाखवणार? मग निपाणीत वखारीची ओझी वाहिली. लढाईच्या दिवसांत सांबऱ्याला विमानतळाचं काम चाललं होतं, तिथं माती उचलली. कुठंच दोन-चार महिन्यांवर टिकला नाही. खडीच्या धुळीनं छाती भरत आली होती.

चव्वेचाळीस साली तो दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो. चौदा वर्षं आम्ही एका भिंतीला राहून कामापुरतंच बोललो होतो. मी त्याच्या पायथ्याशी बसलो आणि सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

"मला ठावं हाय, मष्णू. त्याच शुक्रवारी सांजंला ठावं झालं. जया म्हणाली, भावजी येऊन गेलं, काय न्हाय म्हणालं. तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस रं?"

तो म्हणाला, "काय बोलू? तुझ्या जागी मी असतो तर मीबी तुला सांगितलं नसतं."

मला त्या वेळी वाटलं, सुटलो. रस्त्यानं येताना रडलो, हलकं वाटलं. पण घरी येऊन अंबुबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ज्यानं आधी तुमचा अर्ज लिवला त्यो असं करंल व्हय?" आणि तेव्हापासून मी रोज विचार करतो. तो खरं बोलला असेल, तर एका शिपायाच्या जागेनं आम्हा दोघांना सारखंच करून टाकलं होतं. खोटं बोलला असेल, तर मरताना त्यानं माझा एक अर्ज आणखी लिहिला. तिसऱ्या दिवशी तो गेला. विचारायला माणूस उरला नाही.

मी आपला फार वेळ घेतोय. अध्यक्षसाहेब घड्याळाकडं बघतायत. थोडकंच राहिलंय.

माझ्या रिकाम्या होणाऱ्या जागेची नोटीस गेल्या महिन्यात फळ्यावर लागली. अर्ज मीच गोळा केले, मीच गठ्ठे बांधले. चारशे अकरा आले. मॅट्रिक झालेली मुलं आहेत त्यात. लढाई संपली, सांबऱ्याचं काम संपलं, फौजेतली पोरं परत आली. नव्वदातले अकरा माग उरले, तेही सूत मिळालं तर चालतात. आता स्वराज्य येणार म्हणून गावात आनंद आहे. मलाही आहे. पण पिंपळाखाली काल सकाळी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. तीस साली होती त्याच्या दुप्पट माणसं उभी होती.

त्या चारशे अकरांत माझ्या शामूचा अर्ज आहे. आणि परशरामच्या नागोजीचाही आहे. नागोजी त्या मागच्या खांबापाशी उभा आहे. ही बाकं आज त्यानंच रोजावर लावलीत. जयावैनी आल्या नाहीत. निपाणीच्या वखारीत आज त्यांना काम मिळालंय, आणि मिळालेला दिवस सोडून सत्काराला कोण येतं?

सभेआधी अप्पासाहेबांनी मला बाजूला बोलावून म्हटलं, "मष्णू, तुझ्या सेवेकडं बघून शामूचा विचार करतोय आम्ही." हे चार लोकांत सांगायचं नसतं, मला कळतं. पण आता बोलायला उभाच राहिलोय.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटलं असेल, आता मष्णू म्हणेल, शामूचा अर्ज मी मागं घेतो, जागा नागोजीला द्या. मीही घरातून तसंच ठरवून निघालो होतो. लुगड्याच्या निऱ्या सारखी करत अंबुबाई म्हणाली, "सांगा की. मग शामूला बायका-पोरं घेऊन कुठल्या गावाला जाऊ दे, तेबी सांगा." मी दारातच थांबलो. चपला घालायला मला बराच वेळ लागला.

नागोजी, बाळा, मी अर्ज मागं घेत नाही. घेववत नाही मला. तुझ्या बापानं मरताना जे म्हटलं ते माझ्याविषयी तर खरं निघालं. मी पुन्हा तिथंच उभा आहे, आणि पुन्हा तेच करतोय. फरक एवढाच, की या वेळी तुझ्या तोंडावर सांगून करतोय. त्यानं तुझं पोट भरणार नाही, हे मला ठाऊक आहे. साहेब लोकांना मी फक्त हे सांगतो, की नागोजीला कानडी येतं आणि शामूला येत नाही. ते तुमच्या कानांवर घातलं. पुढं तुमच्या मर्जीवर.

म्युनिसिपालिटीनं ही शाल दिली, नारळ दिला, सतरा वर्षं माझ्या मुलाबाळांना अन्न दिलं, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. मारुतीरावांनी लिहिलेल्या कागदात सर्वांची नावं घेऊन आभार आहेत, ते मी मानले असं समजावं. शिपायाच्या तोंडून बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर सभेनं ते पदरात घ्यावं. बाकीचं पदरात घ्या, असं मी म्हणत नाही.

नमस्कार.