सरावापुरती फाईल

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर वर्गाबाहेर दुसऱ्या तुकडीतली नर्स आपली पाळी यायची वाट बघत ताटकळली होती. दार अर्धवट उघडं, त्यामुळे शिकवणारे सर आणि पहिल्या तुकडीतली एक सिस्टर यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"सिस्टर, सगळ्यांचं झालं, तुमचंच अडलंय. टाका एखाद्या पेशंटचं नाव आणि उघडा फाईल."

"नाही उघडणार, सर."

"जमत नाहीये का? मी दाखवतो."

"जमतंय की. पण ही माणसं खरी आहेत, माझ्या वॉर्डातलीही नाहीत. त्यांचे आजार मी कशाला वाचू?"

"अहो, सरावापुरतं! कोण बघायला येतंय?"

"कामाशिवाय कुणाची फाईल उघडायची नाही, हे सकाळी तुम्हीच शिकवलंत. वहीत लिहून घेतलंय मी."

"ते परीक्षेसाठी होतं. फाईल उघडली नाहीत तर सर्टिफिकेट मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"नका देऊ. बावीस वर्षं मी लोकांची दुखणी पोटात ठेवलीत, ती काय सर्टिफिकेट बघून?"

"उगाच ताणू नका हो. कुठलंही नाव टाका नि मोकळ्या व्हा."

"कुठलंही? मग तुमचंच टाकते. मागच्या महिन्यात इथेच ॲडमिट होतात ना?"

"अहो, थांबा! आधी कीबोर्डवरचा हात काढा!"

"का हो सर? सरावच तर आहे."