व्हर्ननची खुर्ची

पोस्टात टपालाने आलेली कोंबडीची पिलं खोक्यात चिवचिवत होती. डाकोटाच्या वाऱ्याने दार आपटत होतं. व्हर्नन गेल्या महिन्यात वारला. रांगेत माझ्यापुढे त्याची बायको आर्डिस, आणि तिच्यापुढे शाळा मंडळाचा अध्यक्ष लेलँड.

“आर्डिस, मंडळावर व्हर्ननच्या जागी आम्हाला माणूस नेमायचाय. नियमाने तो तुमच्याच भागात राहणारा हवा.”

“तिकडे आता मी आणि कोल्हे.”

“कोल्ह्यांना विचारलं. नाही म्हणाले.”

“मी मुलीकडे राहायला चाललेय, लेलँड. सामान बांधून झालंय.”

“मग ती जागा मोठ्या गावाला जाईल. ते आपली शाळा बंद करतील.”

“हिमवादळातसुद्धा ट्रॅक्टर काढून बैठकीला जायचा तो.”

“आणि येऊन घोरायचा!”

“मत द्यायला तरी जागा व्हायचा ना?”

“बरोबर हात वर करायचा. त्याची उशी अजून खुर्चीवर आहे.”

“धुतलीय का कुणी?”

“कोण धुणार?”

“पुढच्या निवडणुकीपर्यंतच ना?”

“तेवढंच. बैठक सोमवारी आहे.”

“मला सांगतोस? इतकी वर्षं सोमवारी त्याला लवकर जेवायला कोण वाढत होतं?”

व्हर्ननला पहिल्यांदा नेमलं, तेव्हा त्या भागातल्या नऊ जणांना ती जागा हवी होती.