श्रेयससाठी दोन ओळी

— नाही नाही, मोठं काही नको, लताताई, दोनच ओळी. मी टाइप करूनच आणलंय, तुम्ही फक्त खाली सही करायची. 'श्रेयसला मी सात वर्षं रविवारच्या मराठी शाळेत शिकवलं, तो सालस आणि सभ्य मुलगा आहे' — आता यात खोटं काय आहे, सांगा? तुम्हीच नव्हता का म्हणालात आमच्या मितालीला, आपल्या अख्ख्या स्कोफिल्ड्स सबर्बमध्ये असा दुसरा मुलगा दाखव जो न सांगता खुर्च्या आवरतो? गुरुवारी त्याच्या कॉलेजची कमिटी बसणारे. मराठी मंडळाच्या यतीनने दिलंय पत्र, लेटरहेडवर. एक तुमचं राहिलंय. शिक्षिकेच्या शब्दाला वजन असतं हो.

तक्रार ना — सांगतो, लपवण्यासारखं काय आहे त्यात. हे रेसिडेन्शियल कॉलेज म्हणजे युनिचं हॉस्टेलच, फक्त बाहेर हिरवळ आणि आत जुन्यापान्या प्रथा. त्यातली एक अशी म्हणे, की कुणी पोरगा मुलीला रूमवर घेऊन गेला की बाकीचे कॉरिडॉरमध्ये उभे राहून टाळ्या वाजवतात. असतो एकेक वेडेपणा! आम्ही हॉस्टेलला काय कमी धिंगाणा घातला? तर त्या रविवारी दुपारी मॅच जिंकले, बार्बेक्यू झाला, आणि एक मुलगी म्हणते की तिला रूममधून बाहेर यायचं होतं आणि कुणीतरी बाहेरून दार धरून ठेवलं. आत एक सीनियर होता. आत काय झालं ते — ते पोलिसांकडे गेलंय, त्याचं तो बघून घेईल. आपला प्रश्न फक्त दाराचा आहे. आणि श्रेयस तिथे नव्हताच, असाइनमेंट करत बसला होता. म्हणजे, आला असेल जरा बाहेर — सगळे उभे राहिल्यावर हा एकटा कसा आत बसेल, ताई? प्रायमरीत पोळीभाजीच्या डब्यावरून किती छळलं त्याला, तुम्हाला माहितीये. पहिल्यांदा कुणीतरी 'मेट' म्हणून त्याच्या खांद्यावर हात टाकला. मला बरं वाटलं होतं हो. वाटलं, चला, पोरगा इथला झाला.

आणि पुरावा म्हणाल तर शून्य! ती म्हणते म्हणून मानायचं. दार काही ती बडवत नव्हती — हळू, दोन बोटांनी, शेजारीण साखर मागायला आल्यासारखी, आणि 'एक्स्क्यूज मी' म्हणतेय. पाच वेळा. 'एक्स्क्यूज मी, कॅन आय कम आउट प्लीज.' इतक्या सभ्यपणे, की बाहेरच्याला वाटणारच, गंमत चाललीय. खरंच अडचण असेल तर माणूस ओरडेल ना? ओरडेल की नाही? — काय?

मला हे कसं माहीत, म्हणताय?

तक्रारीत लिहिलं असेल की. नाही... तक्रार मी वाचलेली नाही, पालकांना देत नाहीत ती. ताई, असं बघू नका हो. आमचं फोटोंचं अकाउंट एकच आहे. त्याच्या फोनवर काढलेलं घरच्या आयपॅडवर येतं, मीच करून ठेवलंय, तो पाचवीत असताना, ट्रिपचे फोटो आजीला दाखवायला म्हणून. तो विसरला, मीही विसरलो. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी इस्त्री करत होतो, आयपॅड समोर. तेवीस सेकंदांचा व्हिडिओ. एका हातात फोन, दुसरा हात दाराच्या मुठीवर, आणि मनगटात माझ्या आईने दिलेलं चांदीचं कडं. आणि हसतोय. हसणं डिट्टो माझं, ताई, मिताली लग्नापासून ज्या हसण्यावर जीव टाकते ना, तेच. त्या दिवसापासून मी हसलेलो नाही. ऑफिसात विचारतात, ऑल गुड, मेट? मला भीती वाटते, तोंड उघडलं तर तोच आवाज बाहेर येईल.

तिचं नाव?

नाही विचारलं मी. श्रेयस त्याच शनिवारी घरी आला तेव्हा एवढंच विचारलं, तू होतास का तिथे? 'इट वॉज अ जोक, डॅड, एव्हरीवन डझ इट.' आणि मी म्हटलं, बरं, जेवून घे. जेवून घे म्हटलं, ताई! आणि तो जेवला. दोनदा भात घेतला.

डिलीट केलं मी. बापाने दुसरं काय करायचं? — हो, माहितीये, तीस दिवस राहतं ते डिलीटेडमध्ये, मी आयटीतलाच आहे. एकोणीस झाले. अजून अकरा दिवसांनी आपोआप जाईल, मला बोटसुद्धा लावावं लागणार नाही. कायमचं उडवायचंही बटन आहे. रोज उघडतो, ऐकतो, बंद करतो. दाबवत नाही. आणि द्यायचं तर कुणाला देऊ? तुम्हीच सांगा. आपलं पोर आहे हो ते. अठरा वर्षांचं.

— हात का पुढे करताय? कागद तुमच्याकडेच आहे की. पेन हवंय? हे घ्या.

पेन नकोय तुम्हाला?

नाही, ताई. आणलेला नाही मी. आयपॅड घरी आहे — बॅगेत? बॅगेत ऑफिसचा लॅपटॉप आहे. तुम्ही वर्गावर जा, मुलं खोळंबलीत. राहू द्या ते पत्र, यतीनचं पुरेल मला. जा ना तुम्ही. मी निघालोच.

ताई, हात खाली घ्या हो.