दोन भरलेले प्याले

मावशी : मग मी काय करू? टेबलाला पाय तीन, आणि उद्या सकाळी प्रभुभोजन. पाळकांनी काय द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे डोक्यावर घेऊन उभं राहायचं?

थोरला : बसवतोय ना मी पाय! नाही कोण म्हणतंय? फक्त याला इथून जायला सांगा.

धाकटा : मी माझ्या पायांनी आलोय, माझ्या पायांनी जाईन. मला चर्चच्या दाराची कडी दुरुस्त करायला बोलावलंय. टेबलाशी माझा काही संबंध नाही.

मावशी : कडी राहू दे. इकडे ये आणि हे दुसरं टोक धर.

धाकटा : का? सुतार कोण आहे इथे?

मावशी : सुतार हा. पण या कामाला हात चार लागतात, आणि माझे दोन संधिवातानं गेलेत.

थोरला : आवळून धरायला क्लॅम्प आहेत माझ्याकडे.

मावशी : आहेत, आणि मघापासून तीनदा घसरलेत. मला दिसत नाही का?

थोरला : पाय गोल आहे हो, मावशी! बाबांनी कातून गोल केलाय. गोल लाकडावर क्लॅम्प ठरत नाही. त्यात माझा काय दोष?

धाकटा : तुझा दोष कधी असतो?

मावशी : झालं सुरू. एका आईची दोन पोरं, नऊ वर्षांनी समोरासमोर आली, आणि पहिलं वाक्य हे. अरे, गोंद लावून झालाय, तो वाळतोय! भांडा, पण धरून भांडा.

[टेबल जमिनीवर उलटं ठेवलेलं. दोघे भाऊ दोन बाजूंना गुडघ्यांवर बसतात आणि मोडलेला पाय चार हातांनी त्याच्या खाचेत दाबून धरतात.]

थोरला : वर ओढू नकोस. खाली दाब.

धाकटा : खालीच दाबतोय.

थोरला : तिरपा जातोय. मावशी, तो गुण्या द्या जरा, काटकोन बघू दे. हे बघ. हे असं सरळ पाहिजे. तुझ्या बाजूनं कललंय.

धाकटा : तीन बोटांनी याहून सरळ धरता येत नाही.

मावशी : त्याची दोन बोटं गेलीत ते विसरलास का, थोरल्या? बोल ना.

थोरला : धरलंय ते ठीक आहे. चालेल.

धाकटा : किती वेळ धरायचंय?

थोरला : वीस मिनिटं.

धाकटा : वीस! आणि पाच मिनिटांत चिकटणारा गोंद मिळतो तो?

थोरला : पाच मिनिटांत चिकटतो तो पाच महिन्यांत सुटतो. बाबांचं टेबल आहे हे.

धाकटा : बाबांचं नाव तू घेऊ नकोस.

थोरला : का? तुझेच होते का ते?

मावशी : हळू बोला. बाजूच्या खोलीत पाळक उद्याचं प्रवचन लिहितायत.

धाकटा : हळू बोलणं याला जमत नाही, मावशी. रविवारी पहिल्या बाकावरून प्रार्थना करतो ती रस्त्यावर ऐकू जाते. माणसं चपला काढायच्या आधी डोळे मिटतात.

थोरला : मी मोकळ्या गळ्यानं बोलतो देवाशी. शेवटच्या बाकावर तोंड पाडून बसत नाही चोरासारखा.

धाकटा : चोरासारखा? मी?

थोरला : बारा बाकं मधे सोडून, दाराला चिकटून. संपलं की सगळ्यांच्या आधी बाहेर. आणि प्रभुभोजन मात्र घेतो! दर महिन्याला बिनदिक्कत प्याला उचलतो. मनात भावाबद्दल एवढं साठवून!

धाकटा : मी घेतो? अरे, तू घेतोस! तू तिकडे पुढे प्याला तोंडाला लावतोस ना, तेव्हा इकडून मी बघत असतो. म्हणतो, या माणसाला भीती कशी वाटत नाही?

थोरला : माझं मला विचारू नकोस. तुझं बघ.

मावशी : बास! बास म्हणते ना! पाय हलवू नका, आणि दोघांनीही माझ्याकडे बघा. हे प्याले कोण धुतं?

थोरला : तुम्ही.

मावशी : उपासना झाली की प्रत्येक बाकाच्या पाठीला जी भोकांची पट्टी आहे, तुमच्या बाबांनीच केलेली, त्यातून एकेक प्याला कोण गोळा करतं?

धाकटा : तुम्हीच, मावशी. पण त्याचं आत्ता काय?

मावशी : नऊ वर्षं दर महिन्याला दोन प्याले भरलेले परत येतात. एक पहिल्या बाकावरचा, डावीकडच्या खांबाजवळचा. एक शेवटच्या बाकावरचा, दाराजवळचा. काठोकाठ. थेंब हललेला नसतो. मी ते मागच्या कुंडीत ओतते.

थोरला : मावशी...

मावशी : आधी वाटलं, एखाद्याची तब्येत बरी नसेल. मग वाटलं, रस आंबट झाला असेल, म्हणून पाळकांशी भांडून द्राक्षाचा दुकानदार बदलला. मग बघितलं, बसतं कोण तिथे. तेव्हा कळलं. हा ओठांना लावून खाली ठेवतो, तो ओठांना लावून खाली ठेवतो. आणि एकमेकांना शिव्या घालतायत, की तू पितोस!

धाकटा : तू घेत नाहीस?

थोरला : तू?

धाकटा : मी आधी विचारलं.

थोरला : नाही घेत.

धाकटा : एकदाही नाही?

थोरला : पाळक म्हणतात ना, वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते ऐकलं की प्याला तसाच खाली ठेवतो मी. मला आठवत नाही असा महिनाच नाही.

धाकटा : मग जाऊन समेट करायचा ना! घर माहीत आहे, दुकान माहीत आहे. माझ्या कुलपांच्या दुकानावर केवढी लोखंडी किल्ली टांगलीय, आंधळ्यालासुद्धा सापडेल.

थोरला : आलो होतो. दोनदा.

धाकटा : कधी?

थोरला : बाबा गेले त्या वर्षी. एकदा तू किल्ली घासत होतास. डाव्या हातानं ती धरायला धडपडत होतास. तिथूनच परत फिरलो.

मावशी : आणि दुसऱ्यांदा?

थोरला : दुसऱ्यांदा कुलूप विकत घेऊन आलो. याच्या बायकोकडून. अजून तसंच पडलंय.

धाकटा : देवा! काय माणूस आहे! नऊ वर्षांत एक कुलूप!

थोरला : दाब नीट. सैल सोडतोयस.

धाकटा : दाबतोय! बोल पुढे. बोलायचं असेल तर आज बोल, नाहीतर हा पाय चिकटला की मी चाललो.

थोरला : करवतीच्या मशीनवरचं झाकण मी काढलं होतं.

मावशी : काय?

थोरला : पात्यावर झाकण असतं ना, मावशी, हात जाऊ नये म्हणून. त्या दिवशी फळी रुंद होती, झाकण आड येत होतं. दोन स्क्रू काढले, ते खिशात टाकले, झाकण बाजूला ठेवलं. माझं काम झालं. तेवढ्यात दाराशी गिऱ्हाईक आलं. परत लावायचं राहिलं. आणि हा आला, आणि यानं सवयीनं मशीन सुरू केलं.

मावशी : आणि सगळ्यांना काय सांगितलंस?

थोरला : बाबांनी विचारलं, झाकण कुणी काढलं? मी म्हटलं, त्यानंच. तोंडातून निघून गेलं. मग परत घेता येईना. बाबा जाईपर्यंत याला हलगर्जी म्हणत राहिले, आणि मी तिथे उभा राहून ऐकत राहिलो.

मावशी : अरे देवा. आणि तू रे, धाकट्या? ऐकलंस का तुझा भाऊ काय म्हणाला ते?

धाकटा : मला माहीत होतं.

थोरला : काय माहीत होतं?

धाकटा : मी खाली पडलो, तू मला उचलायला वाकलास, आणि तुझ्या खिशातून दोन स्क्रू माझ्या शर्टावर पडले. शर्ट रक्तानं भिजलेला, त्यातच चिकटून राहिले. दवाखान्यात नर्सनं कपड्यांच्या पिशवीत घालून दिले, ते मी एका डबीत ठेवले.

थोरला : नऊ वर्षं तुला माहीत होतं?

धाकटा : पहिल्या दिवसापासून.

थोरला : मग बाबांना का नाही सांगितलंस? तोंड नव्हतं तुला? मी रोज वाट बघत होतो की आज सांगेल, उद्या सांगेल! झोप उडाली होती माझी!

मावशी : वा! आता हा त्याच्यावरच ओरडतोय!

धाकटा : सांगून बोटं उगवणार होती? बाबांच्या हाताखाली एकच पोरगा उरला होता. तोही खोटा निघाला असता तर त्यांनी दुकान बंद केलं असतं.

थोरला : माझ्यासाठी गप्प बसलास?

धाकटा : उगाच मोठेपणा देऊ नकोस मला. पहिलं वर्ष बाबांसाठी. पुढे मला ते आवडायला लागलं. तुझं खोटं माझ्याकडे डबीत आहे, कधीही काढून दाखवीन. रोज रात्री मनात तुला बाबांसमोर उभा करायचो. म्हणून मी प्याला घेत नव्हतो. हात तुझ्यामुळे गेला. ही डबी माझी स्वतःची होती.

मावशी : आणि प्रार्थनेत काय म्हणायचास रे, इतकी वर्षं?

धाकटा : म्हणायचो, प्रभू, याला बघून घे. आणि मावशी, खरं सांगतो, प्रभू तिथे असायचा. शेजारी कुणी येऊन बसलं की न बघता कळतं ना, तसं. इतका जवळ. पण याच्याबद्दल एक शब्द नाही! माझी बाजू घेणं दूरच. नुसता बसून राहायचा. जसं काही मीच काहीतरी सांगायचंय आणि तो थांबलाय. वैताग आला होता मला.

थोरला : तुला निदान जवळ तरी वाटायचा. मी त्याला लांबच ठेवला.

मावशी : म्हणजे?

थोरला : म्हणून तर ओरडतो ना मी प्रार्थनेत. वर आहे, लांब आहे, असं धरलं की बरं पडायचं. इतक्या लांबून त्याला दुकानातलं काय दिसणार? जवळ आहे म्हटलं तर त्या दिवशीही जवळच होता. मी म्हटलं ना, त्यानंच काढलं, तेव्हा बाबांच्या शेजारीच उभा होता.

धाकटा : माझ्याही शेजारी होता. खाली, भुशात.

मावशी : मग झालं तर. दोघांच्याही शेजारी तोच. मधली बारा बाकं तुम्ही घातलीत, त्यानं नाही. आता प्रार्थना करा.

थोरला : आत्ता? हात मोकळे नाहीत.

मावशी : त्याला तुमचे हात नकोत. डोळे मिटा. आणि पाय सोडू नका, उद्या मला टेबल लागणार आहे.

थोरला : हे सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या—

धाकटा : हळू! काय हे? टेबलापाशीच आहे तो. बहिरा नाही.

थोरला : सवय लागलीय रे.

धाकटा : मग मोड.

थोरला : प्रभू. तुला माहीत आहे सगळं. झाकण मी काढलं. बाबांना खोटं सांगितलं. त्यांना आता खरं सांगता येत नाही, म्हणून याला सांगितलं. मला क्षमा कर. आणि याच्या मनातला राग—

धाकटा : माझं मी बोलतो.

थोरला : मधे तोडू नकोस, प्रार्थना चाललीय!

धाकटा : तुझी झाली. आता माझी. प्रभू, मला राग अजून आहे. गेला म्हणालो तर तेही खोटंच. पण तो सांभाळायचा कंटाळा आला. तू इतकी वर्षं थांबलास, आता घे. दादालाही जवळ घे. आमेन.

मावशी : आमेन. अरे, नाक पुसा, गोंदावर पडेल.

थोरला : हात मोकळे नाहीत म्हणून सांगितलं ना मघाशी!

मावशी : थांब, मी पुसते. लहानपणीही हेच काम होतं मला. हलू नकोस.

धाकटा : वीस मिनिटं झाली असतील.

थोरला : पंचवीस झाली. सोड हळूच. बघू. हं, बसलाय. आता टेबल सुलटं करायला सकाळपर्यंत थांबायचं.

मावशी : सकाळी लवकर या मग. दोघांनी.

धाकटा : आता ती कडी दाखवा, मावशी. काय झालंय तिला?

मावशी : काही नाही झालेलं.

धाकटा : म्हणजे?

मावशी : म्हणजे चांगली आहे. मी खोटं बोलले. आता मलाही उद्या प्रभुभोजनाआधी तुझी क्षमा मागायला हवी, तर ती आत्ताच मागते. दे.

धाकटा : मी दुकान बंद करून आलो, मावशी! शनिवारचं!

मावशी : दिलीस की नाही?

धाकटा : दिली, दिली. दादा, ही डबी धर. उघड.

थोरला : हे... हे तेच?

धाकटा : तेच.

थोरला : पण हे मशीनचे स्क्रू आहेत. टेबलाला नाही चालणार, लाकडात धरत नाहीत.

धाकटा : टेबलाला कोण लावायला सांगतंय? तेच मशीन वापरतोस ना अजून?

थोरला : हो.

धाकटा : आणि झाकण?

थोरला : तारेनं बांधलंय.

धाकटा : नऊ वर्षं तारेनं?

थोरला : दुसरे स्क्रू आणायला गेलो की दुकानातून परत यायचो. हातात घेववत नव्हते.

धाकटा : अरे माणसा! आपल्या दोघांत मिळून अठरा बोटं राहिलीत, ती तरी सांभाळ! सोमवारी येतो मी. मीच बसवतो. तुझा काही भरवसा नाही.

थोरला : सकाळी ये. उजेडात.

मावशी : आणि त्याआधी उद्या आहे. विसरू नका.

धाकटा : नाही विसरत. फक्त माझा प्याला नीट भरा, मावशी. मागच्या महिन्यात थोडा कमी होता.

मावशी : तुला रे काय माहीत? तू पितोस कुठे?

धाकटा : बघत तर होतो ना.