काळ्या तेलातले लॉक

मी, भटू रामदास महाजन, वय ५४ वर्षे, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार धरणगाव रस्ता, एरंडोल, जि. जळगाव. पोलीस ठाण्यात हजर होऊन, कोणी न शिकवता, समक्ष सांगतो ते असे की,

तक्रारदार अभिमन पाटील हे माझे जुने गिऱ्हाईक. मंगळवार, दि. ११/११/२०२५ रोजी सकाळी त्यांनी गाडी दुकानात लावली. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळून डिस्कवर येत होते, ब्रेक धरत नव्हता. सील बदलायला सांगून ते बाजारात गेले. तक्रारीत 'भटूला काम येत नाही' असे लिहिले आहे. हे साफ खोटे. उभी हयात या कामात गेली माझी. बाकीचे नंतर, आधी हे वाक्य खोडा. साहेब म्हणतात, दुसऱ्याची तक्रार खोडता येत नाही. मग माझे म्हणणे तरी नीट लिहा.

मी पुढचे चाक काढले, शॉकअप खोलले, जुनी सील उपटली. तेवढ्यात अभिमन परत आले. सोबत पुतण्या भूषण, आणि गोणपाटात गुंडाळलेला केळीचे घड तोडायचा कोयता. अभिमनची मुलगी पुनम हिने दुसऱ्या समाजाच्या समाधानशी लग्न केले आहे. दोघे सोनगीरला खोली घेऊन राहतात, हे भूषणला त्याच दिवशी कळले होते.

अभिमन म्हणाले, "भटू, गाडी बसाड. माले सोनगीर जानं शे. आज बठ्ठं मिटाडी टाकसू." म्हणजे गाडी जोडून दे, आज सगळे मिटवून टाकतो.

पुनमला मी लहानपणी बापाच्या गाडीच्या टाकीवर बसून दुकानात येताना पाहिली आहे. मी लॉक उचलले आणि हात पुसल्यासारखे करून जळक्या तेलाच्या डब्यात सोडले. लॉक म्हणजे सीलवर बसणारी तारेची कडी, लहान पोरीच्या बांगडीएवढी. ती नसली तर सील वर उडते. मग मी ओरडलो, की लॉक कुठे गेले!

दुसरे टाक, अभिमन म्हणाले. या गाडीचे जळगावहून आणावे लागते, असे मी सांगितले. एक माझ्या घरी पडून होते. खोटे बोललो. लॉकशिवाय बसाड, म्हणाले. तशी गाडी मी दुश्मनालाही देत नाही, असे मी म्हणालो. ते खरे आहे.

त्यांच्या घरात गाडी एकच. भूषण चौकात दुसरी मागायला गेला, पण त्याच्या हातातला कोयता बघून कोणी दिली नाही. तेवढ्या वेळात मी दुकानामागे जाऊन एक फोन केला, की पोरांना तिथून लगेच निघायला सांगा. फोन कोणाला केला, हे साहेबांनी तीनदा विचारले. सांगणार नाही. जिला केला तिला अभिमनच्याच घरात राहायचे आहे.

भूषण परत आला तो फणफणतच. त्याने खोकी उपडी केली, पाने-पकडी फेकल्या. काकांना म्हणाला, "आज गया नहीत तर गावमा कोनले तोंड दखाडशात?" मग माझ्याकडे वळला, "यानीच दपाडेल शे." दपाडेल म्हणजे लपवले. अभिमनने त्याच्याकडचा कोयता घेऊन माझ्या मानेजवळ धरला. मी घाबरलो. मी म्हणालो, "अभिमनभाऊ, देख, बठ्ठं दुकान देख."

त्यांनी पाहिले. शेवटी राहिला तेलाचा डबा. कोयता भूषणकडे देऊन त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत तेलात घातला. हात तळाशी फिरत होता. मग थांबला.

हात वर आला तो काळाभोर आणि रिकामा.

"नही शे," अभिमन म्हणाले.

भूषण डब्याकडे आला. अभिमनने त्याला त्याच काळ्या हाताने मागे लोटले. "सांगं ना, नही शे." मग माझ्या टायरवर बसले. मी रॉकेल व चिंध्या दिल्या, पण त्यांनी हात पुसला नाही. दिवस कलल्यावर दोघे पायी गावाकडे गेले. पोरे सुखरूप निघाल्याचा निरोप मला नंतर मिळाला.

दुसऱ्या दिवशी अभिमनने माझ्यावर तक्रार दिली. भूषण सोबत होता. गाडी मी मुद्दाम अडवली, हा आरोप मला कबूल आहे. लॉक आज हजर करतो. त्याच डब्याच्या तळातून काढले.

साहेब विचारतात, डबा एवढासा, मग त्यांच्या बोटांना लॉक कसे लागले नाही? ते त्यांनाच विचारा. पण भूषणसमोर विचारू नका, माझी एवढीच विनंती आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. 'अभिमन पाटील यांना लॉक सापडले नाही' असे त्यात वेगळे लिहायला लावून ते वाक्य मी पुन्हा वाचून घेतले. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
भटू रामदास महाजन